घळीतले एकवीस थांबे

आमच्या कारखान्यात बुटाच्या नाड्या फार सुटतात. नवा माणूस बघत राहतो. चांगले धडधाकट बाप्ये चालता चालता मध्येच वाकतात, एक गुडघा टेकतात, नाडी बांधतात आणि मग दोन-तीन मिनिटं तसेच जमिनीकडे बघत बसतात. नाडी कुणाचीच सुटलेली नसते. धाप लागलेली असते. पण धाप लागली असं म्हणायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. म्हणून कारखान्यात कोणी चप्पल घालत नाही, बिननाडीचा बूट घालत नाही.

आम्ही स्वयंपाकघरातले ओटे बनवतो. दगडाचा चुरा दाबून केलेल्या मोठ्या लाद्या येतात. त्या कापायच्या, कडा घासायच्या, बेसिनसाठी भोक पाडायचं, आरशासारखी चकाकी आणायची. गिऱ्हाईक बायका त्या ओट्यावर हात फिरवून म्हणतात, किती गुळगुळीत! गुळगुळीत होणारच. जेवढं खरखरीत होतं तेवढं माझ्या भावाच्या छातीत गेलंय.

माझा थोरला भाऊ, दादा, एकोणीस वर्षं कडा घासतोय. मी मापवाला. लोकांच्या घरी जायचं, ओट्याचं माप घ्यायचं, पुठ्ठ्याचा साचा कापून आणायचा. म्हणून मला सगळे टेप म्हणतात. हे काम मला दादानं मिळवून दिलं. पंधरा वर्षांपूर्वी मालक म्हणाला होता, धाकट्यालाही घासायला बसव. दादा म्हणाला, "त्याचा हात जड आहे मालक, लाद्या फोडील. त्याला मापावर घ्या." माझा हात जड नव्हता. धूळ काय करते ते त्याला तेव्हाच कळलं होतं. मला त्यानं बाहेर ठेवलं आणि स्वतः आत राहिला.

मालकाला मुलगा नाही, म्हणून आम्हाला जावई मिळाला. कारखाना तोच बघतो. एका सोमवारी त्यानं मला काचेच्या खोलीत बोलावलं आणि चक्क बसायला सांगितलं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

"तू नकाशे छान काढतोस. एक काम आहे. सगळ्यांची सहल काढायची. एका दिवसाची. ती डोंगरातली घळ आहे ना, तिथली चालायची वाट. पत्ता, वेळ, जेवण, पाणी, सगळं तू ठरव."

"साहेब, सहल? आपल्याकडे?"

"का, माणसं नाहीत का तुम्ही?" असं म्हणून तो हसला, आणि मग खरं काय ते सांगितलं. पुढच्या महिन्यात तपासणी अधिकारी छातीचे फोटो काढणारी गाडी पाठवणार होता. गाडी दारात उभी राहणार, एकेकाला आत घेणार. कामगारानं स्वतः लिहून दिलं की मला तपासणी नको, तर जबरदस्ती नाही. "पण नुसतं नको म्हटलं की त्या अधिकाऱ्याला संशय येतो," जावई म्हणाला. "त्यापेक्षा माणूस घळ चढून गेलाय, वर उभा राहून हसतोय, खाली सही आहे. मग कशाला हवा छातीचा फोटो? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

मी समजलो. सातवी नापास माणसालाही समजेल. जो चढेल तो ठणठणीत, आणि त्याला पुढे कधीही म्हणता येणार नाही की मला इथल्या धुळीनं खाल्लं. जो चढणार नाही तो गाडीत जाणार, आणि फोटोत डाग निघाले की कायद्यानं त्याला धुळीचं काम देता येत नाही. आमच्याकडे धुळीवाचून दुसरं काम नाही. म्हणजे घरी. मी खुर्ची उचलून त्या काचेवर घालायला हवी होती. मी विचारलं, "कधी काढायची, साहेब?"

बाहेर येऊन मी सांगितलं तेव्हा वाटलं, लोक शिव्या घालतील. कसल्या शिव्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेसिनची भोकं पाडणारा आमचा भोक्या मशीन बंद करून म्हणाला, "फोटो काढायचाच तर डोंगरापुढे उभं राहून काढू की. हाडं काय दाखवायची लोकांना?" अकरा माणसं हसली. हसता हसता चौघांच्या नाड्या सुटल्या.

त्यांना दोष तरी काय द्यायचा? आमच्यात उंच्या म्हणून एक होता. तीन वर्षांपूर्वी त्यानं स्वतः जाऊन फोटो काढला. डाग निघाले. जावयानं त्याला हार घालून निरोप दिला. चौदा महिन्यांत तो गेला. भरपाईचा अर्ज घेऊन त्याची बायको अजून ऑफिसांचे उंबरे झिजवते. आमच्या लोकांनी त्यातून एकच धडा घेतला: उंच्या फोटोनं मेला.

घरी वहिनीनं वेगळा धडा घेतला होता. आम्ही एकाच घरात राहतो, मी मागच्या खोलीत. वहिनी दादाचा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवते. पाणी दुधासारखं पांढरं होतं, तीनदा बदलावं लागतं. त्या दिवशी ती बादलीपाशी बसूनच म्हणाली, "भावजी, ही सहल तुम्ही ठरवताय म्हणे."

"मला सांगितलंय, वहिनी."

"सांगितलं म्हणजे करायचं? उद्या सांगतील विहिरीत उडी मारा, तर खोली मोजून द्याल?"

दादा ओट्याशी पाणी पीत उभा होता. "तू मध्ये पडू नकोस," तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

"मीच पडणार मध्ये! रात्री कोण उठून बसतं तुमच्या पाठीला उशी लावायला, जावई?" मग माझ्याकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "भावजी, जे गेलं ते गेलं. राहिलंय तेवढं तरी वाचू द्या. धूळ थांबली तर चार वर्षं जास्त मिळतील. डॉक्टरीणबाईंनी मला तोंडावर सांगितलंय. ह्यांना त्या गाडीत बसवा. तुमच्या हातात आहे."

खरं होतं. माझ्याच हातात होतं. वाट जराशी अवघड ठरवली की दादा अर्ध्यावर बसणार, आणि मग गाडीवाचून सुटका नाही.

रात्री जेवण झाल्यावर दादा मागच्या खोलीत आला. आयुष्यात त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, साधी छत्रीसुद्धा नाही. तो म्हणाला, "धाकट्या, मला वर पोचव. बस्स."

मी आधी पळवाट शोधली. घळीला दोन तोंडं आहेत, वरचं आणि खालचं. मी ठरवलं, वरून उतरायचं. उतरताना छातीवर जोर येत नाही. तसा कागद करून जावयाकडे नेला. त्यानं फोनवर पाटीचा फोटो काढून माझ्यापुढे धरला. वनखात्यानं घळीच्या तोंडाशी लावलेली पाटी: उतरताना, सोपी. चढताना, मध्यम. अंतर दीड किलोमीटर, वेळ दोन तास.

"सोपी नको," जावई म्हणाला. "सोपी तर माझी सासूपण करील. कागदावर 'मध्यम' आलं पाहिजे. अवघड म्हणत नाही मी, जुलूम नको कुणावर. मध्यम."

जुलूम नको म्हणे! चोर तो चोर, वर शिरजोर.

मग एका रविवारी मी आणि दादा दोघंच घळीत गेलो. वहिनीला सांगितलं, बूट घ्यायला जातोय. तिनं विश्वास ठेवला नाही, पण डबा भरून दिला.

वाट सुंदर आहे, हेही सांगितलं पाहिजे. दोन्ही बाजूंना सरळ उभे काळे कडे, मध्ये आभाळाची एक चिंधी. खाली पाणी, इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजता येतात. दोनदा गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. पुढे कड्यात ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या, एकशे बारा. त्यानंतर नागमोडी चढ, थेट वरच्या गाडीतळापर्यंत. मी पुढे चाललो होतो आणि मागे त्याची पावलं मोजत होतो. ओट्याचं माप घेताना भिंत कुठे वाकडी आहे ते आधी बघायचं असतं. भिंत खोटं बोलत नाही. माझा भाऊ एकशे चाळीस पावलं चालला आणि नाडी बांधायला वाकला. मग शंभर. मग नव्वद. पाण्यातून बाहेर आल्यावर साठ. पायऱ्यांवर त्याचे ओठ जांभळे झाले. पंचविसाव्या पायरीवर तो बसला, दोन्ही हातांनी कठडा धरून. छातीतून रिकाम्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येत होता. इथे बघायला कोणी नव्हतं, तरी तो बुटाकडे बघत होता.

मी त्याच्या वरच्या पायरीवर बसलो आणि म्हणालो, "दादा, ऐक माझं. गाडीत जाऊ. मी बोलतो सगळ्यांशी. माझ्या पगारात घर चालेल."

 तो बोलण्यासाठी श्वास गोळा करत होता.

"पगाराचं नाही रे," तो म्हणाला. "घरी बसलो तर ती दिवसभर माझ्याकडे बघत बसेल. मी मरतोय हे तिला सकाळपासून दिसेल. कारखान्यात असलो की निदान आठ तास कुणाला दिसत नाही. मलापण नाही."

 मी उठून डब्याची पिशवी खांद्यावर टाकली. आम्ही पाच तासांनी वर पोचलो.

त्या आठवड्यात मी जी वाट आखली तशी आयुष्यात कधी काही आखली नव्हती. एकवीस थांबे. कुठलेही दोन थांबे दादाच्या दमापेक्षा लांब नाहीत. आणि प्रत्येक थांब्याला कारण, कुणालाही खरं वाटेल असं. इथे सगळ्यांचा फोटो. इथे हजेरी. इथे पाटी मोठ्यानं वाचायची. इथे पाणी. नाल्यानंतर मोजे वाळवायचे, पंधरा मिनिटं. पायऱ्यांवर गर्दी नको म्हणून तिघातिघांनी चढायचं, बाकीच्यांनी खाली बसायचं, आणि दादानं खाली थांबून माणसं मोजायची, सगळ्यांत शेवटी चढायचं, म्हणजे त्याला कितीही वेळ लागला तरी चालतं. अर्ध्यावर जेवण, जेवणानंतर भोक्याचं गाणं, कारण भोक्या गायला लागला की थांबत नाही. थोडक्यात, दीड किलोमीटरच्या वाटेत मी माझ्या भावाचा आजार असा लपवला की खुद्द डॉक्टरला सापडला नसता.

जावयानं कागद बघितला. "एकवीस थांबे? पिकनिक आहे की पालखी?"

"प्रत्येक थांब्याला फोटो, साहेब. जितके फोटो तितका पुरावा."

त्याचं तोंड उजळलं. "शाबास! तू फुकट मापावर सडतोयस." त्यानं पाठीवर थाप मारली. त्या थापेची जागा अजून जळते.

वहिनीला मी तोंड दाखवत नव्हतो. आदल्या संध्याकाळी तिनं मला गाठलंच. मी ठरवलेला कागद कारखान्यात सगळ्यांना वाटला होता, दादाची प्रत तिच्या हातात होती. तिनं तो नीट वाचला होता. तिला एकवीसचा हिशेब कळायला वेळ लागला नाही. रोज रात्री बाथरूमपर्यंत तो कितीदा थांबतो ते तीच मोजते.

"किती प्रेमानं केलंय भावजी," ती म्हणाली. "इतक्या प्रेमानं कोणी कुणाला मारत नाही." आणि कागदाची घडी घालून तिनं तो परत माझ्या खिशात घातला.

सहलीच्या दिवशी आम्ही बारा जण खालच्या तोंडाशी उतरलो. जावई गाडीनं वर गेला. तिथे तो सह्या घेणार होता. त्याला कोणी विचारलं नाही की साहेब, तुमची मध्यम कुठाय?

पहिला थांबा एकशे वीस पावलांवर, फोटो. मी शिट्टी वाजवली, मागे वळलो आणि बघितलं. दादा बसला होता. पण दादा शेवटचा बसला होता. बाकीचे दहा त्याच्या आधी बसले होते.

मला वाटलं, मस्तीत आहेत, सहल आहे. दुसऱ्या थांब्याला तेच. तिसऱ्याला मी मुद्दाम प्रत्येकाकडे बघितलं. भोक्या गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता आणि त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या होत्या. लाद्या कापणारा म्हातारा डोळे मिटून पडला होता. जो पॉलिशवाला गेल्या वर्षी लागला, पंचविशीचा, लग्न ठरलेला, तोसुद्धा दगडाला टेकून तोंड उघडं टाकून श्वास ओढत होता. एकाचीही नाडी सुटली नव्हती. गरजच नव्हती. थांबा होता ना!

सातव्या थांब्याला मी दोन मिनिटं आधीच शिट्टी वाजवून बघितली. कोणी उठलं नाही.

"टेप," भोक्या खालूनच म्हणाला, "घड्याळाला घाई झालीय का रे तुझ्या? बायको वाट बघतेय का त्याची?" कुणीतरी हसलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती संपेपर्यंत सगळे दुसरीकडे बघत राहिले.

मी एका भावाच्या छातीचं माप घेतलं होतं. त्या मापात अकराच्या अकरा माणसं बसली. कुणालाही ते सैल झालं नाही. दोघा-तिघांना तर घट्ट होत होतं. बाराव्या आणि तेराव्या थांब्याच्या मध्ये मला एक जास्तीचा काढावा लागला, "हरीण दिसलं, हलू नका" म्हणून. हरीण कुठलं! सगळे मिळून रिकाम्या कड्याकडे बघत बसलो आणि कोणी विचारलं नाही की कुठाय. दादा माझ्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं. त्यानं हळूच मान हलवली, नको म्हणून. बोलू नकोस.

चार वाजता आम्ही वर आलो. सगळे आले. गाडीतळावर जावयानं घडीचं टेबल मांडलं होतं, त्यावर छापील कागद, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर पाण्याची बाटली. कागदावर लिहिलं होतं: मी आज घळीची मध्यम वाट कुठल्याही त्रासाशिवाय पार केली. माझी तब्येत उत्तम आहे. मला छातीच्या तपासणीची गरज नाही.

"वा रे माझे वाघ!" जावई म्हणाला. "या, सह्या करा, मग गरम चहा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणी सही करू नका."



"मी मापं घेतलीत," मी म्हणालो.  "ही वाट मी आजारी माणसासाठी केली होती. तुम्ही सगळे तिच्यात बसलात. सगळे! कळतंय का? अकराच्या अकरा. दोन थांबे कमी केले असते तर इथवर एकही आला नसता. गाडी येऊ द्या. सगळ्यांनी मिळून फोटो काढा, सगळ्यांचे डाग एकदम निघू द्या, मग कुणाकुणाला हार घालून घरी पाठवतील ते बघू!"

मला वाटलं होतं, कोणीतरी एक पाऊल पुढे टाकेल. पुढे आला तो म्हातारा. तो माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाला, "तुला बोलायला काय जातंय? तू धुळीबाहेरचा. आमच्या पोटावर पाय देऊ नकोस."

"आजारी कुणाला म्हणतोस रे?" पंचविशीचा पॉलिशवाला ओरडला. "माझ्या सासरी कळलं तर? तोंड सांभाळ!"

भोक्यानं विनोद केला नाही. त्यानं फक्त माझ्या छातीवर तळवा ठेवून मला बाजूला सारलं. हलकेच, दार ढकलावं तसं.

आणि सगळ्यांच्या आधी टेबलाशी गेला तो माझा भाऊ. त्यानं पेन घेतलं, कागदावर वाकला आणि सही करायला त्याला इतका वेळ लागला की कोणालाही वाटलं असतं तो वाचतोय. तो वाचत नव्हता. तो थांबला होता. तेविसाव्यांदा. मग त्यानं सही केली, पूर्ण नावाची, आणि पेन पुढच्याला दिलं. त्याच्यामागे दहा जणांनी केली. जावयानं कागद मोजून पिशवीत घातले आणि मला म्हणाला, "दमलास तू. चहा घे." मला कामावरून काढलंही नाही त्यानं. काढायची गरजच नव्हती.

 घरी वहिनीनं दादाचे ओले बूट काढले आणि उन्हाच्या जागी ठेवले.

बारा दिवसांनी ती छातीचे फोटो काढणारी गाडी आली. पांढरी, लांबलचक, आत मशीन. गल्ली अरुंद, गाडी कशीबशी आमच्या फाटकापर्यंत पोचली. जावई बाहेर आला, त्यानं अधिकाऱ्याच्या हाती फाईल दिली. अधिकाऱ्यानं उभ्याउभ्याच पानं उलटली, फोटो बघितले, एका फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "छान जागा आहे, आम्हीपण गेलं पाहिजे." दोन ठिकाणी सही केली आणि ड्रायव्हरला हातानं खूण केली की चला.

आम्ही सगळे दारात उभे होतो. ड्रायव्हरला गाडी वळवायला जागा नव्हती, उलटीच न्यावी लागणार होती, आणि त्याला मागचं काही दिसत नव्हतं. तेव्हा दादा बाहेर गेला. कोणी सांगितलं नव्हतं. त्याचा स्वभावच तसा, कुणाची अडचण बघवत नाही. गाडीच्या मागे उभा राहून तो हात हलवायला लागला.

"येऊ दे," तो म्हणाला. मग थांबला. श्वास घेतला. "येऊ दे... येऊ दे." गाडी एकेक हात मागे सरकत होती आणि तोही तिच्यापुढे मागे मागे सरकत होता. "डावीकडे... घे थोडी." परत श्वास. "बस, सरळ. येऊ दे."

अख्ख्या गल्लीभर त्यानं तिला नीट बाहेर काढली. कुठे खरचटूही दिली नाही. कोपऱ्यावर पोचल्यावर ड्रायव्हरनं काच खाली करून त्याला थँक्यू म्हटलं, आणि माझ्या भावानं हात वर केला, कारण बोलायला आता त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं.